नवरदेवाची कलती बोट

"न्हवरो पाण्यात गोल फिरता," मामी दारातूनच म्हणाली. तिच्या हातात ओटीचं ताट होतं, ते खाली ठेवायचं विसरून ती तशीच उभी राहिली.

माझ्या केसांत अबोलीचा वळेसर अर्धाच माळून झाला होता. "गोल म्हणजे?"

"गोल म्हणजे गोल. पुढे येता, वाकडी होता, परत मागे जाता. सगळा वऱ्हाड बांदावर उभा ऱ्हवान बघता. भटजी पण बघता."

मी अर्धा वळेसर हातात धरून मागच्या पडवीत गेले. तिथून संगम दिसायचा. आमचं देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मध्ये चिंचोळी पट्टी. टोकाला दोन्ही पाणी मिळतात आणि तिथे वाळूचा उंचवटा आहे. नवऱ्याचं गाव निवती, पलीकडच्या अंगाला. रस्त्यानं यायचं तर कुडाळ, मालवण असा मोठा वळसा पडतो. पाण्यानं यायचं तर पान खाऊन होईपर्यंत माणूस दारात. म्हणून वऱ्हाड मोठ्या होडीतून सकाळीच आलं होतं आणि पोहे खाऊन बसलं होतं. नवरदेव मात्र मागून थाटात येणार होता, त्याच्या काकाच्या स्पीडबोटीतून. मुंबईच्या कुणा हौशी माणसानं वापरून विकलेली ती पांढरीशुभ्र बोट होती आणि भाईकाकांनी तिला झेंडूच्या माळा लावल्या होत्या.

आता त्या माळांसकट ती बोट डाव्या कुशीवर पडून पाण्यात वळसे घेत होती. वेग कमी केला की सरळ व्हायची. पण तेव्हा ओहोटीचं पाणी तिला मागे ढकलायचं. जोर दिला की पुढे यायची, पण लगेच डावीकडे झुकायची आणि वळायची. अशानं वाळूवरच्या लाटांमधून आत यायला गेली असती तर नवरदेव, काका आणि झेंडू सगळेच पाण्यात गेले असते. लांबून माणसं ठिपक्याएवढी दिसत होती, त्यामुळे मी अंतरपाटाआधी नवऱ्याचं तोंड बघितलं असं कोणी म्हणू नये.

मला हसू फुटलं. लग्नाच्या दिवशी नवरी पडवीत उभी राहून एकटीच हसतेय हे बघून मामी घाबरली.

"मामी, उजवो टॅब खाली अडाकलोहा," मी म्हटलं.

हे मला कसं कळलं, ते सांगायला हवं. मी जयवंतमामाच्या बोट दुरुस्तीच्या शेडमध्ये वायरिंगचं काम करायचे. मामा इंजिन आणि फायबर बघायचा. करंटला मात्र तो भुताला भ्यावं तसा भ्यायचा, म्हणून बॅटरी, दिवे, पंप सगळं माझ्याकडे. तारकर्लीला पर्यटकांच्या बोटी यायला लागल्या तशी ही टॅबची कामं यायला लागली होती. बोटीच्या मागच्या कडेला खालच्या अंगाला दोन स्टीलच्या पट्ट्या बिजागरीवर बसवलेल्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येकीला छोटी मोटर. बटण दाबलं की पट्टी पाण्यात खाली झुकते आणि बोटीची ती बाजू उचलली जाते. एका बाजूला माणसं जास्त बसली की ह्या पट्ट्यांनी बोट सरळ ठेवायची. पण उजवी पट्टी खालीच अडकून बसली तर उजवी बाजू सारखी उचललेली राहणार आणि बोट डावीकडे कलणार. माझ्यासमोर तेच चाललं होतं.

अडचण एवढीच, की मी हे काम करते हे नवऱ्याकडच्यांना माहीत नव्हतं.

आईनं त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं, चेडू मालवणात हापिसात आसा. नवऱ्याच्या, म्हणजे गुरुनाथच्या, द्वारका आत्यांची अट म्हणे तशी होती, सून ऑफिसातली हवी, बोटीच्या तेलाचा वास घरात पुरे झाला. गुरुनाथची आई लहानपणीच गेली होती, त्याला ह्या आत्यांनीच वाढवलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे कायदा. आणि आईचीही एक अट होती. जावई नोकरीवालाच हवा. मी सहा वर्षांची असताना बाबा मासेमारीला गेले. होडी मिळाली, बाबा मिळाले नाहीत. आईनं तेव्हापासून पाण्यात पाऊल घातलं नव्हतं. मामाच्या शेडमध्ये बोटी कोरड्या असतात, म्हणून तेवढं काम तिनं चालू दिलं होतं. गुरुनाथ बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि बर्फाच्या कारखान्यात कोणी बुडत नाही. आई ह्या स्थळावर इतकी खूश होती की मी 'त्यांना खरं काय ते सांगूया' म्हटलं की ती लगेच डोळ्यांना पदर लावायची. लग्न झाल्यावर सांगू, म्हणायची. झाल्यावर सांगून काय, मग माझे पक्कड-पाने गेलेच की. ह्या विचारानं मला आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं.

गुरुनाथशी बोलणं म्हणाल तर बघायला आला तेव्हा झालेलं तेवढंच. त्यानं मला पोहता येतं का, हे विचारलं होतं. नंतर दोनदा फोन झाला, पण त्यांच्याकडे फोन ओटीवर आणि फोनशेजारी आत्या. तो बर्फ कसा बनतो ते सांगायचा. फार कंटाळवाणं सांगायचा.

तेवढ्यात मामा पडवीत आला. "मियां व्हडी घेवन जाव्न इलंय," तो म्हणाला. "म्हटलंय, न्हवऱ्याक माझ्या व्हडयेत घेतंय. तर ती आत्या आयकाक तयार नाय. न्हवरो एकदा बसलो की वाटेत वाहन बदलूचा नाय, म्हणता."

"मगे दोरी बांधून ओढ."

"तां पण बोललंय. भाईकाका म्हणाले, माझ्या पुतण्याक दावणीन ओढून नेतलंस?"

बाहेर बांदावर भटजी घड्याळ बघत होते. आई मांडवात सगळ्यांना सरबत वाटत होती आणि एकदाही संगमाकडे बघत नव्हती.

"मामा, तुझी हत्यारांची पिशवी घी," मी म्हटलं. "आणि टेस्ट लॅम्प."

"तू?"

"तू करंटाक हात लावतलस?"

मामानं एकदा बोटीकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मग तो पिशवी आणायला गेला. मामीनं खोलीच्या दाराला कडी घातली आणि बाहेर जाऊन सांगितलं की व्हकाल साडी नेसता, नवरीक कोणी हाक मारू नका. मी हळदीची पिवळी साडी काष्ट्यासारखी खोचली आणि माडांच्या आडून होडीत बसले.

आमची होडी बोटीजवळ गेली. भाईकाकांनी वाळूच्या बाहेरच्या अंगाला नांगर टाकला होता. बोटीतलं सगळं सामान, फळांच्या करंड्या, आत्यांची पेटी आणि खुद्द आत्या उजव्या बाजूला रचून ठेवलं होतं, वजनानं बोट सरळ होईल म्हणून.

"कोण ता?" आत्या ओरडल्या.

"मेकॅनिक हाडलंय," मामा म्हणाला.

आत्यांनी माझ्या कपाळावरच्या मुंडावळ्या बघितल्या. घाईत त्या सोडायच्या राहिल्या होत्या. त्यांचं तोंड उघडंच राहिलं आणि पुढच्याच क्षणी त्या झेप घेऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "गुरू, डोळे मिट. मिट म्हणतंय ना."

"मिटले," स्टिअरिंगकडून आवाज आला.

"ही हय कशी? लग्नाच्या दिसाक तोंड बघूचा नसता, ह्या ठावक नाय तुका? अंतरपाट धरूच्या आधी?"

"मगे धरा अंतरपाट," मी म्हटलं. "नायतर तुमी गोल फिरा, मी घराक जातंय."

आत्यांनी पेटी उघडली, आत माझ्यासाठी आणलेली कोरी साडी होती, ती काढली. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं माझ्यामागून बोटीत चढलेल्या मामाच्या हातात दिलं आणि बोटीच्या मध्यावर, स्टिअरिंग आणि मागची बाजू ह्यांच्यामध्ये, अंतरपाट उभा राहिला. पलीकडे नवरा, अलीकडे मी आणि भाईकाका. भाईकाका सारखे म्हणत होते, वाऱ्याचा काय तरी आसा, वाऱ्याचा.

मी बोटीच्या मागच्या कडेवर पालथी पडले आणि पाण्यात हात घातला. डावी पट्टी वर होती. उजवी थेट खाली. जाळं, दोरी, शिंपले, काही अडकलेलं नव्हतं.

"तकडे कोण आसा?" मी विचारलं.

"मीच."

"दोन बटणा आसत. उजवा दाब. वर आणि मगे खाली."

डावी पट्टी वर-खाली झाली. "डावी हालली," मी म्हटलं. म्हणजे बॅटरी ठीक होती.

"आता डावा वरच्या बाजूक."

"दाबलंय."

उजवी पट्टी हलली नाही.

"पण थांब जरा," पलीकडून आवाज आला. "मी उजवा दाबलंय तेवा तुका डावी हाललेली गावली? उलटा कसा?"

"उलटाच असता. बटण नाकाचा आसा, पट्टी शेपटाची. डावीकडचा नाक खाली होया तर उजवा शेपूट उचलूचा लागता."

तो म्हणाला, "म्हणजे काकाक काय करूक लावूचा आसला तर आत्याक सांगूचा."

साडीचं एक टोक हललं. आत्या हसू दाबत होत्या की रागानं थरथरत होत्या, मला कळलं नाही. माझ्या तोंडून मात्र असं खिदळणं बाहेर पडलं की मामानं मला पायानं ढोसलं. घाईघाईत मी नवऱ्याला 'तू' म्हटलं होतं, हेही तेव्हाच लक्षात आलं. ते पुढे तसंच राहिलं.

"फ्यूज बघूचे लागतले," मी म्हटलं. "खोको खय आसा तो शोध."

"स्टिअरिंगाखाली, डाव्या हाताक. दोनय बरे आसत. मघाशीच काढून बघलंय."

मी मागचं झाकण उघडलं. मोटरच्या वायरचा जोड सोडवला आणि त्याला टेस्ट लॅम्प लावला. साधा छोटा बल्ब, दोन वायरी. कोणी बटण दाबलेलं नसताना तो पेटायला नको. तो लख्ख पेटला.

"बटणार कोणाचा बोट आसा?"

"कोणाचाच नाय. माझे हात मांडयेर आसत. आत्याचे कापडाक."

"मगे 'खाली जा' म्हणून करंट येता कसो? पट्टीचो दोष नाय, मोटरचो नाय. बटणच दाबून बसलाहा." मी उठून बसले. "बटणार पाणी सांडला काय सकाळी?"

एक लाट बोटीखालून गेली, साडी फुगली आणि मामानं ती घट्ट धरली.

"पाणी नाय सांडला," शेवटी आत्या म्हणाल्या.

"मगे?"

"नारळ फोडलंय. बोटीच्या नाकार. शुभकार्याक भायर पडताना फोडूचो नाय?"

"आणि?"

"आणि तेचा पाणी सगळ्या यंत्राक शिंपडलंय. हळदकुंकू लावलंय. एकेका बटणाक लावलंय, देवाचा काम अर्धवट कशाक करूचा?" मग आवाज बारीक झाला. "डाव्या बटणाक जरा जास्त पडला. थय चित्र होता नाकाचा, माका वाटला तोच मुख्य."

नारळाचं पाणी, त्यात साखर, त्यात मीठ, वर हळद. बटणाच्या आत शिरून दोन्ही टोकं त्यानं चिकटवून टाकली होती. बोट बिचारी सकाळपासून आत्यांचा आशीर्वाद पाळत होती. मी कपाळाला हात लावला आणि पुन्हा हसत सुटले. ह्या खेपेला मामाही हसला, आणि अंतरपाटाचं त्याचं टोक गुडघ्यापर्यंत खाली आलं. "वर घी, वर घी," आत्या किंचाळल्या.

"गुरुनाथ," मी म्हटलं. पहिल्यांदाच नाव घेतलं. "मेन बंद कर आणि ता बटण सोडव."

"मेन बंद केलोहा. चार स्क्रू आसत, आणि मागे तीन वायरी. लाल, काळी..."

"काळी कोणत्या टोकाक होती ती ध्यानात ठेव."

"ठेवलंय."

थोड्या वेळानं साडीच्या खालच्या काठाखालून एक हात आला. हातावर बटण होतं. हात रापलेला, तळव्याला घट्टे, नखांच्या कडांत काळं ग्रीस बसलेलं, सकाळच्या हळदीनंही न झाकलेलं. मी बटण घ्यायला हात पुढे केला. माझ्याही नखांत तेच ग्रीस होतं. मामीनं लिंबानं घासघासून ते गेलं नव्हतं. दोन्ही हात शेजारीशेजारी दिसले आणि मी बटण घ्यायचं विसरले.

बर्फाच्या कारखान्यातल्या सुपरवायझरचा हात तो नव्हता. आणि हे भाईकाका, ज्यांची ही बोट म्हणत होते, त्यांना मी झाकण उघडेपर्यंत बॅटरी कुठे आहे तेही माहीत नव्हतं.

"फ्यूजाचो खोको तुका कसो ठावक?" मी विचारलं.

हात तसाच राहिला.

"सुपरवायझर मेन बंद करता, वायरी ओळखता, स्क्रू मोजता. बोट कोणाची ही?"

भाईकाका लगबगीनं म्हणाले, "माझी, माझी." आत्या खोकल्या. मामा आकाशाकडे बघायला लागला.

"माझी," साडीपलीकडून गुरुनाथ म्हणाला. "कारखानो दिवाळीतच सोडलंय. काकाच्या नावार घेतलीहा, पण चालवतंय मी. पर्यटकांक डॉल्फिन दाखवतंय. रोज." तो थांबला. "तुझ्या आवशीक नोकरीवालोच होयो होतो. आत्यान म्हटल्यान, लग्न झाल्यार सांगूया. मी सांगतलंय म्हणत होतंय, पण फोनार ही शेजारीच. म्हणून बर्फाचाच काय तरी सांगत बसलंय. माकाच कंटाळो येय होतो."

"तुमका हापीस होया होता मां?" मी आत्यांना विचारलं.

"होया होता," आत्या म्हणाल्या. साडीच्या काठावरून आता त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता, आणि दोन्ही बाजू दिसणारं त्या बोटीत, मामा सोडला तर, तेच एक माणूस होतं. "हापीस खय तुझा?"

"मामाच्या शेडयेत. पाच वर्षां झाली. सगळी वायरिंगाची कामां माझीच."

"म्हणजे तुझ्या आवशीन आमका फसवल्यान."

"होय. आणि तुमी तिका."

मला वाटलं, आता झालं. लग्न इथेच, पाण्यावर, मोडलं. आणि गंमत अशी की त्या घटकेला ते मोडू नये असं मला जितकं वाटलं तितकं आधी कधीच वाटलं नव्हतं. आदल्या रात्रीपर्यंत मी लग्न करत होते, कारण आईला हवं होतं. आता मला तो ग्रीसवाला हात हवा होता, बटणासकट.

"आत्या," गुरुनाथ म्हणाला, "ही नको म्हणाली तर मी समाजतलंय. तू नको म्हणतलंस तर मात्र मी ही बोट हयच गोल फिरवत ऱ्हवतलंय."

आत्यांनी माझ्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं. खोचलेली साडी, ओला खांदा, मुंडावळ्या, हातात धरलेला स्क्रूड्रायव्हर. त्यांचा चेहरा हलेना.

"वेंगुर्ल्याचो वायरमन बोलावलो तर चार दिवस येणा नाय," त्या अखेर म्हणाल्या. "इलो तरी धड बोलणा नाय." मग मामावर डाफरल्या, "बघतंस काय? कापड वर घी. मुहूर्त टळात."

त्यापुढचं सगळं मी हसतच केलं. आत्यांच्या तांब्यातल्या गोड्या पाण्यानं बटण धुतलं. पण पाणी आत राहून चालणार नव्हतं, त्याला स्पिरिट हवं होतं.

"स्पिरिट खयचा आता?" मामा म्हणाला.

गुरुनाथ पलीकडून म्हणाला, "काका, सीटखालची बाटली दिया."

"खयची बाटली?" भाईकाकांनी विचारलं.

"पयल्या धारेची."

भाईकाकांनी आत्यांकडे बघितलं. आत्यांचे दोन्ही हात अंतरपाटात अडकलेले होते, हे त्यांचं नशीब. त्यांनी काजूच्या फेणीची बाटली काढली आणि दुःखी चेहऱ्यानं माझ्या हातात दिली. मी बटण त्यात बुचकळून काढलं, झटकलं, उन्हात धरलं आणि फुंकर मारत सुकवलं. बोटभर हळदीचा गाळ निघाला. बटण पुन्हा साडीखालून गेलं. ह्या वेळी त्याच्या बोटांनी माझी बोटं जरा जास्त वेळ धरली. मामानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

"काळी मधी, लाल वर," मी म्हटलं.

"लावली. मेन चालू करतंय."

मी टेस्ट लॅम्प लावला. विझलेला. मोटरचा जोड पुन्हा बसवला.

"दाब. वर."

उजवी पट्टी घरघरत, संथपणे पाण्यातून वर आली. भाईकाकांनी टाळ्या वाजवल्या. मी मामाच्या होडीत उडी टाकली, कारण नवरीनं नवऱ्यासोबत काठाला लागून चालणार नव्हतं.

"चालवतलो कोण?" मामानं विचारलं. भाईकाका बाटलीचं बूच लावत बसले होते.

"गुरूच चालवतलो," आत्या साडीची घडी घालत म्हणाल्या. "आता लपवूचा कोणापासून? आणि तू गो, तकडे तोंड कर."

मी तिकडे तोंड केलं. पण मागून इंजिनाचा आवाज चढला आणि माझ्यानं राहवेना. बोट आमच्या शेजारून गेली, नाक वर, दोन्ही बाजू सारख्या, वाळूवरच्या लाटा कापत सरळ आत. स्टिअरिंगला फेटा बांधलेला माणूस पाठमोरा उभा होता. पाठ बघितलेली चालते, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. बांदावरून बँडवाल्यांनी सुरू केलं, आणि मामाच्या होडीत मी एकटी नाचत होते.

लग्न लागलं. अंतरपाट खाली आला तेव्हा आम्ही दोघं इतके हसलो की भटजींना वाटलं, त्यांचंच काही चुकलं. माझ्या हातांना फेणीचा वास येत होता. गुरुनाथ हळूच म्हणाला, "आवशीक कोण सांगतलो? मी सांगू?"

"मी सांगतंय," मी म्हटलं.

दुपारभर सांगायला जमलं नाही. आई इतकी आनंदात होती. पंगतीत ती प्रत्येकाला सांगत फिरली की जावई नोकरीत आहे, ठरल्या वेळी घरी येतो. ते ऐकताना माझा आनंद दर खेपेला थोडा थोडा आटत गेला.

संध्याकाळी पाठवणीला सगळे खाडीच्या काठी जमले. बोट माळांसकट उभी होती. आई शेवटच्या माडापाशी थांबली, त्याच्या पुढे ती कधी येत नसे. मला जवळ घेऊन रडली. "बरा झाला गो बाय," ती म्हणाली. "माका रात्री समुद्राचो आवाज आयकत बसूचा लागला, तसा तुका लागूचा नाय."

तेव्हा मी सांगितलं.

"आये, तेना कारखानो सोडल्यान. ही बोट तेचीच आसा. रोज पाण्यात आसता तो."

आईचं रडणं एकदम थांबलं. तिचे हात माझ्या खांद्यांवर तसेच राहिले. मागे मामा, आत्या, भाईकाका सगळे जमिनीकडे बघत होते. गुरुनाथ एक पाऊल पुढे आला आणि थांबला. आई कितीतरी वेळ बोटीकडे बघत राहिली.

"सकाळी वाकडी होय होती ती हीच?"

"हीच."

"आता सरळ जाता?"

"जाता."

"नीट कोणी केल्यान?"

"मी."

"कदी?"

"तू सरबत वाटत होतंस तेवा. पाण्यात जाव्न."

आईनं डोळे पुसले. माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे करून माझी नखं बघितली, आणि माझा पदर सारखा केला.

"मगे तू पण तेच्या वांगडा बोटीत जा," ती म्हणाली. "रोज जा."